चैत्राचे हळदीकुंकू, चुलीला सुटी

चैत्र लागला की मराठी घरांत चैत्रगौर बसते आणि तिच्या निमित्ताने एखाद्या संध्याकाळी वीस-पंचवीस जणींचे बोलावणे होते. नेमके याच दिवसांत नागपूर, जळगाव, इंदूर या बाजूला पारा चाळिशीकडे सरकू लागतो. मुंबई-ठाण्याला पारा थोडा खाली असला तरी घामाने जीव नकोसा होतो. अशा दिवशी वडे किंवा सामोसे तळायचा बेत केला, की घरची गृहिणी ओट्यापाशी आणि पाहुण्या बाहेरच्या खोलीत, अशी विभागणी ठरलेलीच. "अहो, आता बसा ना तुम्हीही," असे बाहेरून चारदा सांगून होते, पण कढईपुढून हलता येत नाही.

आपल्याकडे या दिवसांसाठी पूर्वापार चालत आलेला बेत मात्र वेगळा आहे. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाच्या नाहीतर काकडीच्या फोडी. फोडणीची दोन-चार मिनिटे सोडली तर या बेताला विस्तव जवळजवळ लागतच नाही. पाहुणीच्या हातावर चंदन किंवा अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे आणि गार काहीतरी पुढे करायचे, असा हा उन्हाळ्याचाच पाहुणचार आहे.

मात्र न शिजवलेला पदार्थ सोपा असला तरी तो निष्काळजीपणे करून चालत नाही. चूल तीन कामे करते. ती पदार्थ मऊ करते, चवी एकमेकींत मुरवते आणि जंतूंचा नाश करते. चूल वगळली की ही कामे दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. डाळ मऊ करण्याचे काम पाणी करते. चव मुरवण्याचे काम कैरी आणि मीठ करते. तिसरे काम मात्र यांपैकी कुणालाच पूर्णपणे जमत नाही. ते आपले हात, आपली भांडी आणि घड्याळ यांनी सांभाळायचे असते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पहिल्यांदाच हळदीकुंकू करणाऱ्या नव्या सुनेलाही पंचवीस जणींची डाळ निर्धास्तपणे करता येईल.

डाळ भिजवण्याचे गणित

कैरीच्या डाळीला 'आंबेडाळ' असेही म्हणतात. काही घरांत ती 'वाटली डाळ' या नावाने ओळखली जाते, पण गणपतीच्या विसर्जनाला खिरापत म्हणून करतात ती वाटली डाळ वेगळी. ती वाटल्यावर फोडणीत परतून, वाफ आणून शिजवतात. चैत्रातली डाळ कच्चीच असते. म्हणूनच तिच्या भिजण्याला महत्त्व.

हरभऱ्याची डाळ तीन-चार पाण्यांनी, वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी आणि मग भरपूर पाण्यात भिजत घालावी. भिजल्यावर ती दुपटीच्या आसपास फुगते, म्हणून भांडे मोठे घ्यावे. चार ते पाच तास पुरतात. डाळीचा दाणा दोन बोटांत धरून नखाने दाबला असता सहज तुटला आणि आत पांढरट कोरडा ठिपका दिसला नाही, तर डाळ भिजली असे समजावे.

पुष्कळजणी सोयीसाठी डाळ रात्रीच भिजत घालतात. थंडीत ते चालते. उन्हाळ्यात आठ-दहा तास बाहेर राहिलेल्या डाळीच्या पाण्यावर फेस येतो आणि तिला आंबूस वास लागतो. इडलीच्या पिठाला आंबवणे हवे असते, या डाळीला ते नको असते, कारण पुढे तिला वाफही मिळायची नाही. रात्री भिजवणे भागच असेल, तर भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि डाळ पुन्हा एकदा पिण्याच्या पाण्याने धुवावी. हरभऱ्यातील पोटात वात धरणारे काही घटक भिजवणाच्या पाण्यात उतरतात. ते पाणी टाकले की डाळ पोटाला थोडी हलकी होते.

यानंतर डाळ रोवळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळत ठेवावी. घाईत ही पायरी गाळली, तर डाळ मोकळी न होता चटणीसारखी होते.

कैरी कशी घ्यावी

डाळीला कैरी कडक, हिरवीगार आणि आतून पांढरी असावी. आत पिवळी झाक आलेली कैरी गोडसर लागते आणि किसताना तिचा लगदा होतो. नाकाजवळ धरल्यावर देठाकडून ताजा, आंबट वास यायला हवा. तोतापुरी कैरी आंबटपणाला सौम्य असते. ती घ्यायची तर प्रमाण वाढवावे आणि साखर कमी करावी. गावठी रायवळ कैरी मात्र फार आंबट निघू शकते. तिचा कीस एकदम न घालता थोडा थोडा घालून चव पाहावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना बाजारात नाव ठाऊक असले की काम सोपे होते. हिंदी मुलखात 'कच्चा आम', बंगळूरला 'माविनकाई', तर हैदराबादला 'मामिडिकाय' म्हणून मागावी. कैरी कुठेच मिळाली नाही, तर लिंबाचा रस वापरून डाळ करता येते. मात्र कैरीच्या किसाने येणारा करकरीतपणा लिंबाने येत नाही. तेव्हा जोडीला काकडी बारीक चोचवून घालावी.

कैरी चिरण्यापूर्वी चांगली धुवावी आणि देठाकडचा भाग थोडा कापून चीक निघून जाऊ द्यावा. हा चीक राहिला तर घशाला खवखवतो, नाजूक कातडीला चरचरतो.

कैरीची डाळ (२५ जणींसाठी)

साहित्य : हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, मध्यम आकाराच्या कैऱ्या दोन (किसून दीड ते दोन वाट्या), मध्यम नारळ एक, हिरव्या मिरच्या दहा-बारा, साखर तीन-चार मोठे चमचे, मीठ साधारण तीन लहान चमचे, कोथिंबीर एक जुडी. फोडणीसाठी : तेल अर्धी वाटी, मोहरी दोन लहान चमचे, हिंग एक लहान चमचा, हळद एक लहान चमचा, सुक्या लाल मिरच्या पाच-सहा, कढीलिंबाची दोन डहाळ्या पाने.

कृती : भिजवून निथळलेल्या डाळीतली मूठभर डाळ बाजूला ठेवावी. उरलेली डाळ आणि हिरव्या मिरच्या मिक्सरमध्ये पाणी न घालता भरड वाटाव्यात. मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा आणि एका वेळी भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. रव्याहून जाड, हाताला टोचेल इतपत भरड असावी. बाजूला ठेवलेली अख्खी डाळ त्यात मिसळली, की दाताखाली मधूनच एखादा दाणा येतो आणि खाणारीला डाळ खाल्ल्याचे समाधान मिळते.

कैरी सोलून किसावी. डाळीत आधी निम्मा कीस, खवलेला नारळ, साखर आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालून हलक्या हाताने कालवावे. चव पाहून उरलेला कीस घालावा. मीठ सर्वांत शेवटी, पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी घालावे. मीठ पडले की कैरीला आणि डाळीला पाणी सुटते. दुपारीच मीठ घालून ठेवलेली डाळ संध्याकाळी सैल पडते ती यामुळेच.

कढल्यात तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी. गॅस बंद करून हिंग, हळद, मिरच्यांचे तुकडे आणि कढीलिंब घालावा. ही फोडणी पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर ओतावी. गरम तेल ओतले तर कैरीचा ताजा वास मावळतो, ओल्या नारळाला तेलकट चव येते आणि गार असलेली डाळ कोमट होते. न शिजवलेल्या पदार्थाला कोमटपणासारखा दुसरा शत्रू नाही.

घड्याळ सांभाळावे ते असे

जंतूंना वाढीसाठी ओल, अन्न आणि उबारा लागतो. भिजलेली डाळ, ओला नारळ आणि एप्रिलची हवा यांत हे तिन्ही आयते मिळतात. शिजवलेले आणि नासणारे अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि फ्रिजमध्ये शक्यतो पाच अंशांखाली ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पारा बत्तीस अंशांच्या पुढे असेल तर बाहेर ठेवायची मुदत एक तासच धरावी. कैरीच्या आंबटपणामुळे नासण्याला थोडा आळा बसतो, पण त्यावर विसंबून पंचवीस जणींना खाऊ घालणे बरे नव्हे.

हळदीकुंकू संध्याकाळी पाचला असेल, तर कामाचा क्रम असा लावावा. आदल्या दिवशी नारळ खवून डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, कोथिंबीर निवडून धुऊन कोरडी करून ठेवावी. सकाळी साडेदहाला डाळ भिजत घालावी. तीनला उपसून निथळत ठेवावी. साडेतीनला वाटावी, कैरी किसावी, फोडणी करून गार होऊ द्यावी. चारला मीठ वगळून सर्व कालवून फ्रिजमध्ये ठेवावे. साडेचारला मीठ आणि फोडणी. यानंतर गृहिणीला साडी बदलायला अर्धा तास मिळतो.

सगळी डाळ एकदम बाहेर मांडू नये. पाहुण्या एकदम येत नाहीत. कुणी पाचला येते, कुणी ऑफिसातून परस्पर साडेसातला. तेव्हा डाळीचे तीन लहान डबे करावेत आणि एक संपला की दुसरा काढावा. आधीच्या भांड्यात उरलेली डाळ नव्या डब्यात मिसळू नये. मीठ आणि फोडणीही त्या त्या डब्यापुरतीच घातली तर शेवटच्या पाहुणीलाही डाळ मोकळीच मिळते. घरी फ्रिज नसेल, तर डाळ दोनदा वाटावी. निथळलेली अर्धी डाळ स्वच्छ थंड पाण्यात ठेवावी आणि तासाभराने उपसून वाटावी.

हातांबद्दल थोडे. डाळ कालवताना अंगठ्या, बांगड्या काढून साबणाने हात धुवावेत किंवा सरळ चमच्याने कालवावे. मिक्सरच्या झाकणाची रबरी कड काढून धुवावी, कारण आदल्या दिवशीच्या वाटणाचे कण तिथेच अडकून राहतात. मांस-मासळीसाठी वापरलेली पाटी आणि सुरी या कामाला घेऊ नये. कुणाच्या हाताला जखम असेल किंवा पोट बिघडलेले असेल, तर त्या दिवशी हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे.

डाळ कुणाला, किती

१०० ग्रॅम हरभरा डाळीत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि कैरी कच्चीच खाल्ल्याने तिच्यातले 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होत नाही. तरीही ही डाळ पोटभर खायची गोष्ट नव्हे. तिची रीत वाटीभर पन्ह्याबरोबर दोन-तीन चमचे, इतकीच. कच्चा हरभरा पचायला जड असतो आणि जास्त झाला की रात्री पोट फुगते.

घरात लहान मुले, वयस्कर मंडळी, गरोदर लेक-सून किंवा नुकतेच आजारातून उठलेले कुणी असेल, तर त्यांच्या वाटणीची डाळ वेगळी काढावी. वाटलेली डाळ कुकरमध्ये शिटी न लावता दहा-बारा मिनिटे वाफवावी, गार करून मोकळी करावी आणि मग तिच्यात कैरी, नारळ मिसळावा. चवीत थोडाच फरक पडतो.

अलीकडे 'पौष्टिक' म्हणून डाळीऐवजी मोड आलेले कच्चे मूग-मटकी ठेवण्याची पद्धत आली आहे. मोड येण्यासाठी कडधान्य दिवसभर ओलसर उबेत ठेवावे लागते आणि त्या उबेत जंतूही तितक्याच जोमाने वाढतात. समारंभाला मोडाची कडधान्ये ठेवायची झाली, तर ती उकडूनच ठेवावीत.

दक्षिणेची बहीण : कोसंबरी

हरभऱ्याची डाळ सोसत नसेल त्यांच्यासाठी कर्नाटकातली कोसंबरी हा उत्तम पर्याय आहे. तिथे रामनवमीला पानक, मजगे म्हणजे ताक आणि कोसंबरी वाटण्याची रीत आहे. आंध्र-तेलंगणात याच दिवशी भिजवलेली मुगाची डाळ 'वडपप्पु' या नावाने पानकाबरोबर देतात, तर तमिळनाडूत 'नीर मोर' म्हणजे पातळ ताक असते. चैत्राच्या उन्हावर भिजवलेली डाळ आणि गोड किंवा आंबट पेय, ही तोड अशी सगळ्या दक्षिणेला ठाऊक आहे.

साहित्य : मुगाची डाळ दोन वाट्या, काकड्या चार, खवलेला नारळ एक वाटी, लिंबे दोन, हिरव्या मिरच्या चार-पाच, कोथिंबीर, मीठ. फोडणीला तेल, मोहरी, हिंग.

कृती : मुगाची डाळ धुऊन तास-दीड तासच भिजवावी. ती लवकर मऊ होते आणि जास्त भिजली तर पिठूळ लागते. निथळून तिच्यात नारळ, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर घालावी. काकडी आयत्या वेळी चोचवून किंवा बारीक चिरून घालावी आणि वाढतानाच मीठ, लिंबू आणि गार फोडणी मिसळावी. इथे वाटण नाही, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. वर थोडी किसलेली कैरी पेरली की ही बहीण मराठी बायकांनाही परकी वाटत नाही.

कच्च्या कैरीचे पन्हे

एरवी पन्ह्याला कैरी उकडून गर काढतात. कच्च्या कैरीचे पन्हे त्याहून हलके, पाणीदार आणि वासाला ताजे असते.

साहित्य (२५ लहान पेले) : आंबट कैऱ्या तीन मोठ्या, चिरलेला गूळ किंवा साखर अर्धा किलो, वेलदोड्याची पूड दोन लहान चमचे, मीठ एक लहान चमचा, केशराच्या काही काड्या, पाणी साडेतीन लिटर.

कृती : गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. कैऱ्या सोलून किसाव्यात, पेलाभर पाणी घालून मिक्सरमधून काढाव्यात आणि पातळ फडक्यातून पिळून गाळाव्यात. गूळपाणी, मीठ, वेलदोडे घालून ढवळावे. हे झाले मूळ पन्हे. ते बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि देताना गार पाणी मिसळावे. कैरीचा आंबटपणा कमीजास्त असतो, तेव्हा आधी एक पेला करून चाखावा आणि मग सर्वांचे प्रमाण ठरवावे.

पन्ह्यात पडणारे पाणी उकळून गार केलेले किंवा नीट शुद्ध केलेले असावे. बर्फही त्याच पाण्याचा, घरी केलेला. बाजारातली बर्फाची लादी पुष्कळदा मासळी किंवा अन्य माल गार ठेवण्यासाठी बनवलेली असते. ती भांड्याभोवती, बाहेरून रचायला हरकत नाही, पेल्यात मात्र घालू नये. मोठ्या समारंभात पोटे बिघडतात ती अनेकदा अशा पाण्यानेच, आणि नाव मात्र डाळीचे होते.

बिघडले तर

डाळ फार आंबट झाली तर नारळ आणि साखर थोडी वाढवावी. नुसती साखर घालत गेल्यास ती गोडमिट्ट होते. तिखट झाली तर नारळ आणि भिजलेली डाळ थोडी जास्त भरडून मिसळावी. म्हणून भिजलेली वाटीभर डाळ राखून ठेवणे शहाणपणाचे. पाणी सुटले तर डाळ चाळणीत घालून पाच मिनिटे निथळावी आणि वर ताजा नारळ पेरावा. डाळ कडक राहिली असेल, तर वाटल्यावर वाफवून घेणे हाच उपाय. ती तशीच वाढू नये.

फ्रिजमधून बाहेर न आलेली डाळ उरली, तर त्याच रात्री जरा जास्त तेलाच्या फोडणीत परतून, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीबरोबर छान लागते. बाहेर मांडलेल्या भांड्यातले उरलेले मात्र, कितीही जिवावर आले तरी, टाकून द्यावे.

खर्चाच्या दृष्टीनेही हा बेत परवडतो. अर्धा किलो डाळ, चार-पाच कैऱ्या, एक नारळ आणि अर्धा किलो गूळ एवढ्यात पंचवीस जणींचे आगतस्वागत होते. गॅस वाचतो, तळणीचे तेल वाचते. त्यामुळे बोलावणे हात आखडून करावे लागत नाही. पूर्वी ते सवाष्णींपुरतेच असे. आज अनेक घरांत शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना, घरकामाला येणाऱ्या ताईंना, नव्याने राहायला आलेल्या परप्रांतीय कुटुंबालाही आवर्जून बोलावतात. त्यांच्यापैकी एखादी कानडी किंवा तेलुगू असेल, तर तिला कोसंबरीची जबाबदारी द्यावी. त्या निमित्ताने ओळखही वाढेल आणि यजमानीण साडेचारनंतर स्वयंपाकघराचा दिवा मालवून सगळ्यांबरोबर खुशाल गप्पा मारू शकेल.